घोट घ्या, तोंडात धरा, आता गिळा

ज्यांना लवकरच बेरियम पिऊन करायच्या तपासणीला जायचं आहे त्यांनी हे वाचावं. ज्यांनी माझ्याबद्दल गावभर बोलून घेतलं त्यांनीही वाचावं. पहिल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. दुसऱ्यांची थोडी झोप उडावी म्हणून.

घास

माझं नाव जागृती. शिरसाडहून आत गेलं की चांदीपच्या अलीकडे आमचं गाव लागतं. घरची भातशेती आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. विरारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करते. आईबाबांनी मला शेतावरून उठवून कॉलेजला पाठवलं, हे मी कधी विसरत नाही. या आजारपणात त्यांनी जे सोसलं तेही विसरणार नाही.

सुरुवात भाकरीपासून झाली. घास तोंडातून खाली जायचा आणि छातीच्या मधोमध थांबायचा. पाणी प्यायले की पाणी त्याच्यावर साचायचं. मी उभी राहायची, खांदे मागे ओढायची, घरभर चालायची, मग कधीतरी काहीतरी सरकायचं. पुढे मऊ भातही तसाच थांबू लागला. आणि मग जे थांबलं ते परत वर येऊ लागलं, जसंच्या तसं, न पचलेलं. त्याला आंबट वाससुद्धा नसायचा.

आमच्याकडे घशात काही अडकलं की एकच कारण असतं : काटा. रोज मासे खाणारी माणसं आम्ही. काट्यावर उपायही ठरलेला : कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, वर पिकलेलं केळं. आईने मायेने किती गोळे भरवले असतील. प्रत्येक गोळा आधीच्या गोळ्यावर जाऊन बसायचा. माझ्यासारखा त्रास असेल तर हा उपाय करू नका. वाट जिथे बंद आहे तिथे वरून ढकलून काही होत नाही.

जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि बाबांना म्हणाले, “टेन्शन आहे हिला. लग्न करून द्या, सासूच्या हातचं बरोबर गिळेल.” ते हसले. बाबाही मान ठेवून हसले. मीही हसले, याचाच मला अजून सगळ्यात जास्त राग येतो.

हळद

त्याच उन्हाळ्यात माझ्या दादाचं लग्न होतं आणि मी करवली होते. नवऱ्याच्या मागे पाण्याने भरलेला करा घेऊन उभं राहण्याचा मान सख्ख्या बहिणीचा.

आता हिराआत्याबद्दल सांगते. ती बाबांची थोरली बहीण. गावातच दिलेली, तरुणपणी विधवा झालेली. आणि ती धवलारीण आहे. आमच्या लग्नांत भटजीच्या आधी धवलारणीचा मान असतो. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते, आणि गाताना कुळातल्या माणसांची नावं घेते : आई, बाप, मामा, करवली. धवलारणीने नाव घेतलं की ते माणूस मांडवात आलं असं समजतात. आत्याचा आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो.

हळदीच्या सकाळी मी दोन घास खाल्ले आणि मांडवामागे जाऊन ओकले. तोंड धुऊन वळले तर आत्या उभी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं.

थोड्या वेळाने तांदूळ निवडणाऱ्या बायकांसमोर ती आईला म्हणाली, “सुमन, पोरीला करवली नको ठेवू. तिचे पोटान काय हाय ता आदी बग.”

आई म्हणाली, “वंस, असा काय बोलता? पोरगी आजारी हाय.”

“आजारी? येवरी शिकलेली पोर, विराराला रोज जाते नि येते. असले आजारपना मी लय बगलीत. तीन पोरा जन्माला घातलीत मीनी.”

निवडणारे हात थांबले होते. एक बाई सुपात बघून हसत होती.

करा माझ्या चुलत बहिणीच्या, रोशनीच्या हातात दिला गेला. ती बिचारी रडत होती. आत्याने धवले गायले, सगळ्यांची नावं घेतली, दादाच्या शाळेतल्या मित्राचंसुद्धा घेतलं. माझं घेतलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं. उठून गेले असते तर तेही त्या पोटाच्याच खात्यात धरलं असतं.

नंतर काय झालं ते सांगायला नको. खाडीपलीकडच्या गावातून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. त्यांनी फोन करणं थांबवलं. बाबांनी कारण विचारलं नाही, कारण त्यांना ते माहीत होतं. फक्त ते आपल्या बहिणीकडून निघालंय एवढंच त्यांना माहीत नव्हतं. आईने आणि मी ते कळू दिलं नाही. बाबांना ती एकच बहीण आहे.

फिलोमिना मॅडम

आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या फिलोमिना मॅडम आहेत. वसई पश्चिमेच्या वाडीवाल्या. माझा डबा रोज भरलेला परत जातो हे त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यासमोर पाव ठेवला आणि म्हणाल्या, “हा खाऊन दाखव.”

“मॅडम, नाही जाणार.”

“मग हे ॲसिडिटी नाय, बाय. ॲसिडिटीवाला खातो नि मग रडतो. तुझं खातानाच अडकतंय.”

त्यांनीच पोटविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी माझं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मला रडू आलं ते त्यामुळेच. ऐकून झाल्यावर म्हणाले, आधी घशातून दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, आणि मग बेरियम स्वॉलो. दुर्बिणीत गाठ नाही हे कळलं. दुसरी तपासणी उरली. तिला फ्लुरोस्कोपी म्हणतात. साधा एक्स-रे म्हणजे फोटो. हा चालता एक्स-रे. तुम्ही गिळता आणि ते खाली कसं उतरतं हे डॉक्टर पडद्यावर त्याच क्षणी बघतात.

आईला त्या दिवशी ताप होता. आत्या आपणहून आली. “मी जाते पोरीसंगं,” ती बाबांना म्हणाली. बाबांना किती बरं वाटलं. मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, तिला वाटलं होतं ही सोनोग्राफी आहे. पोटाचा फोटो निघणार, खरंखोटं कळणार, आणि ते पहिल्यांदा तिला कळणार.

मी तिला काही समजावलं नाही. म्हटलं, चल आत्या. अवश्य चल.

तपासणी

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. उपाशीपोटी जावं लागतं. पण माझ्यासारखं अन्न अडकत असेल तर आधीच विचारून घ्या, कारण आमच्या अन्ननलिकेत कालचं जेवणही आज बसलेलं असतं. मला आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायला सांगितलं होतं. रोजच्या गोळ्यांचंही विचारा. गळ्यातलं, कानातलं घरी ठेवून जा, म्हणजे ते कोणाकडे द्यायचं हा प्रश्न येत नाही. माझा देवीचा ताईत काढताना आत्याने हात पुढे केला. मी ताईत पर्समध्ये टाकला.

तंत्रज्ञ मुलगा सभ्य होता. दारात उभा राहून त्याने नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग त्याच आवाजात : “शेवटची पाळी कधी आली? प्रेग्नंट असण्याची शक्यता आहे का?”

बाकावर बसलेली आत्या पुढे वाकली.

बायांनो, हा प्रश्न मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला विचारतात. कुमारी, लग्न झालेली, नवरा परदेशी असलेली, सगळ्यांना. त्यात संशय नसतो. किरणांनी गर्भाला अपाय होऊ शकतो म्हणून विचारतात. लाजून खोटं सांगू नका आणि रागावूही नका. शंका असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या, असं तो म्हणाला. माझ्या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या आधीच ती करून घेतली होती.

हे सगळं मला त्याच्याकडून नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हा प्रश्न महिनोन्महिने गावात माझ्या पाठीमागे विचारला जात होता आणि आज कोणीतरी तो तोंडावर विचारला.

मी म्हटलं, “जरा मोठ्याने विचारा. त्या बसल्यात ना, माझ्या आत्या, त्यांना नीट ऐकू आलं पाहिजे.”

तो गोंधळला. “मॅडम, हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो.”

“म्हणूनच. विचारा.”

त्याने विचारलं. मी उत्तर दिलं, पाळीच्या तारखेसकट, आणि तपासणीचा रिपोर्ट फाइलमधून काढून वाचायला लावला. कॉरिडॉरमधले सगळे ऐकत होते. निगेटिव्ह म्हणजे काय, हेही त्याला मराठीत सांगायला लावलं.

मला चक्कर येत होती, वजन खूप उतरलं होतं. तो म्हणाला सोबतच्या बाई आत काचेमागे थांबू शकतील. आणि सवयीने त्याने आत्याकडे वळून विचारलं, “तुम्ही प्रेग्नंट नाही ना?”

“मेल्या!” आत्या ओरडली. “माजा नवरा जाऊन तीस वर्सा झाली!”

“नाही, आजी, विचारावं लागतं...”

“कनाला? माजे पोटान आता काय ठेवलाय?”

कॉरिडॉर हसला. मीही हसले. मोकळी हसले. आत्या पदराने तोंड पुसत होती.

आत खोली थंडगार असते, स्वेटर न्या. मोठं टेबल उभं केलेलं असतं आणि त्याला पाठ टेकून तुम्ही उभे राहता. डॉक्टर शिशाचा जड एप्रन घालून असतात. बेरियम म्हणजे खडू कालवलेलं दाट पाणी, वर स्ट्रॉबेरीचा खोटा वास. दुखत काही नाही. हे दहा वेळा लिहायची माझी तयारी आहे : दुखत काही नाही. ठसका लागला, गिळता येत नाही असं वाटलं तर हात वर करा, ते थांबतात. किरण सतत सुरू नसतात. डॉक्टर पायाने पेडल दाबतात तेवढा वेळच.

“घोट घ्या,” तपासणीच्या डॉक्टर म्हणाल्या. “तोंडात धरा. अजून नाही... आता गिळा.”

गिळलं. पडदा माझ्या बाजूला वळवून ठेवा म्हणून मी आधीच विनंती केली होती. तुम्हीही विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मी पाहिलं. काळं काहीतरी छातीतून खाली उतरलं आणि पोटाच्या तोंडाशी थांबलं. पुन्हा घोट. पुन्हा थांबलं. नळी फुगत गेली, दुधीसारखी, आणि खाली एकदम निमुळतं टोक. त्या टोकातून एक धागा कसाबसा पोटात गेला.

“वळा. डावीकडे. श्वास रोखा. सोडा.”

काचेमागे आत्या दिसत होती. तिचं तोंड उघडं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दुसऱ्या पडद्याकडे बघत होती. माझ्या आत काय आहे ते तिला बघायचं होतं ना. बघ म्हणावं.

संपल्यावर डॉक्टरांनी तिला बोलावून तेच परत चालवून दाखवलं. “ही झडप उघडत नाही, आजी. अकॅलेशिया म्हणतात. किती दिवस उपाशी आहे ही पोरगी! घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?”

आत्या म्हणाली, “बगल्याचे चोचीसारका दिसते.”

डॉक्टर चमकल्या. “आम्हीपण त्याला चोचच म्हणतो.”

याचा मला राग आला. त्या वेळी तिने काही बरोबर बोलावं हे मला नको होतं.

(जाता जाता : नंतर एक-दोन दिवस शौचाला पांढरं होतं. घाबरू नका. भरपूर पाणी प्या, नाहीतर बद्धकोष्ठ होतं. माझ्यासारखं पाणीच जात नसेल तर ते डॉक्टरांना तिथेच सांगा.)

घरोघरी

परतताना रिक्षात आत्या रडू लागली. “चुकला माजा, बाय. आता बाबाला नको सांगू.”

मी म्हटलं, “बाबांना नाही सांगणार. पण तू सांगायचं. ज्या ज्या घरी ते सांगितलंस, त्या त्या घरी हे सांगायचं. मी बरोबर येणार.”

“कनाला सांगू? कलंल सगल्यांना.”

“ते कसं कळलं होतं?”

मग मी ते वाक्य बोलले, जे मी कित्येक दिवस घासून ठेवलं होतं. लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकलं होतं की धवलारणीच्या तोंडात खोटं राहिलं तर तिचं गाणं शकुनाचं राहत नाही. मी म्हटलं, “आत्या, माझं अन्न अडकलंय, त्याला डॉक्टर आहेत. तुझ्या तोंडात खोटं अडकलंय. त्या तोंडाने तू कोणाच्या मांडवात बसणार?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या थोबाडीत दिली. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

आमच्याकडे लग्नाचं आवतन द्यायला घरोघरी जातात. आम्ही तशाच निघालो, ऑपरेशनच्या आधीच्या त्या दिवसांत. पुढे आत्या, मागे मी. पहिल्या घरी ती पाटावर बसली आणि पुटपुटली, “डॉक्टर बोलतान, पोरीला आजार हाय.”

मी म्हटलं, “डॉक्टरांचं राहू दे. तू काय पाहिलंस ते सांग.”

“मी... बगला मीनी. पानी खाली जात नाय.”

“आणि आधी काय बोलली होतीस?”

घरातली बाई चहाचा कप हातात धरून उभी होती. ती म्हणाली, “जाऊ दे ना, जागृती.”

“नाही काकी. तुम्ही ऐकलं होतं ना? मग हेही ऐका.”

आत्या बोलली. पूर्ण बोलली. त्या घरातून निघताना ती ओट्याच्या पायरीवर आधार शोधत होती. मी तिला हात दिला नाही.

मला वाटलं होतं असंच चालेल. पण माझ्या आत्याला तुम्ही ओळखत नाही. चौथ्या-पाचव्या घरापासून ती सुधारली. हातांनी दाखवू लागली : “असा घोट घेतला, तोंडान धरला, नि डाक्तरीन बोलली आता गिल. जाते, जाते, जाते... नि अठं थांबते!” बायका छातीला हात लावायच्या. “नि मना इचारते तो पोऱ्या, तुमी पोटुशी हाव का!” घर हसून लोळायचं. शेवटी शेवटी तर शेजारच्या बायका आमच्या आधी येऊन बसायच्या. तिला चहा, तिला खारी. मला काही गिळता येत नव्हतं, मी भिंतीला टेकून बघत बसायची.

मला ती लाजलेली हवी होती. ती रंगली.

बातमी फिरली, बाबांपर्यंतही गेलीच असेल, हे खरं. माझी नाचक्की धुऊन निघाली, हेही खरं. खाडीपलीकडच्यांचा फोनसुद्धा आला. आईने त्यांना सांगितलं की मुलगी आता तुमच्याकडे द्यायची नाही. तरी माझा हिशेब मिटला नव्हता. दादाच्या हळदीत जे नाव घेतलं गेलं नाही, ते कुठल्याच ओट्यावर परत मिळालं नव्हतं.

ऑपरेशननंतर

शस्त्रक्रिया मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात झाली. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, ती माझ्या झोपेत झाली. आई पायऱ्यांवर बसून होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आपली फणी मला दिली आणि परत मागितली नाही. फिलोमिना मॅडमनी त्यांच्या चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लावली आणि लाजत लाजत तसं सांगितलं. पुन्हा बेरियमची तपासणी झाली. या वेळी घोट घेतला आणि तो थेट खाली गेला, ओहोटीला खाडीचं पाणी जातं तसा. डॉक्टर म्हणाल्या, “बघा.” मी परत परत बघितलं.

ते ॲसिडिटीवाले डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे मी संध्याकाळच्या गर्दीत गेले. दोन्ही फिल्म त्यांच्या ट्यूबलाइटसमोर धरल्या, आधीची आणि नंतरची. “सर, लग्न न करताच गिळते आहे,” म्हटलं. ते म्हणाले, “अरे वा.” बाकावरचे पेशंट बघत होते. मी फिल्म सावकाश गुंडाळल्या आणि निघाले.

रोशनीची हळद

पुढच्या लग्नसराईत रोशनीचं लग्न निघालं. ती स्वतः घरी आली आणि म्हणाली, “करवली तूच. तुझा करा माझ्याकडे आहे, तो परत घे.”

हळदीला मी तिच्यामागे उभी राहिले. समोर पाटावर आत्या, तिच्याभोवती बायका. तिने धवला उचलला. गणपती झाला, गावदेवी झाली, कुळातले गेलेले झाले. आईबाप झाले, मामा झाला. आणि करवलीची ओळ आली.

तिने सूर लावला आणि ती थांबली. बायकांना वाटलं दम लागला. त्या सूर धरून वाट बघू लागल्या. आत्या माझ्याकडे बघत होती. गावभर माझा आजार नाचून दाखवणारी बाई, आणि तिच्या घशातून माझ्या नावाची तीन अक्षरं निघेनात. मांडवात नाव घेणं म्हणजे मागच्या मांडवात ते मुद्दाम गाळलं होतं, हे सगळ्यांदेखत कबूल करणं होतं. तिला ते कळत होतं. मलाही.

मी रोशनीच्या मागून पुढे आले. तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि तिच्या हातात दिलं.

“आत्या, घोट घे.”

तिने घेतला.

“तोंडात धर.”

तिने धरला. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. बायकांचा सूर थांबला. त्यातल्या बहुतेकींनी ही गोष्ट आपापल्या ओट्यावर ऐकली होती, हसल्याही होत्या. आता कोणी हसलं नाही. तपासणीच्या खोलीत धरायला लावतात त्यापेक्षा मी तिला जास्त वेळ धरायला लावलं. पाणी तिच्या ओठांच्या कडेने हनुवटीवर आलं.

“आता गिळ.”

तिने गिळलं. आणि माझं नाव घेतलं, खड्या आवाजात, शेवटच्या खुर्चीपर्यंत. ओळ संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग तिच्या हातातला ग्लास घेतला.